फोन कट करणारं माणूस

शिवणाच्या बाई तापल्या की मशीन आणखी जोरात चालायचं. त्या दिवशी तर सुईच मोडली. निमित्त औषधांच्या दुकानदाराचं. सकाळी गोळ्या देता देता त्यानं सहज विचारलं, "बाई, तुमची ती मन मोकळं करायची संस्था चालू आहे का हो? आमच्या मेव्हण्यानं वेबसाइटवरच्या नंबरावर फोन केले होते. बायको गेल्यापासून घुम्यासारखा बसून असतो. तर तिकडून कुणीतरी कट करतं. एकदा तर चक्क ओरडलं म्हणे. तेव्हापासून त्यानं नादच सोडला."

संस्था केव्हाच बंद पडली होती. बंद म्हणजे काय, रीतसर कुणी केलीच नाही. बैठकीला आज हा नाही, उद्या तो नाही, असं करत करत विरून गेली. वेबसाइट मात्र ठणठणीत. तिच्यावर पाच जणांचा फोटो, मधोमध काळ्याभोर केसांच्या बाई, आणि खाली लिहिलेलं, 'केव्हाही फोन करा. आम्ही ऐकतोय.'

बाईंनी अध्यक्षांना फोनवरच फैलावर घेतलं. आधी ती वेबसाइट काढा, म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, पासवर्ड खजिनदारांकडे. खजिनदार म्हणाले, छे हो, अध्यक्षांच्या पुतण्याकडे. पुतण्या म्हणाला, काकू, मला माझेच पासवर्ड आठवत नाहीत. झालं, सगळ्यांनी हात वर केले. फोन कट कोण करतं, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"निर्लज्ज मेले," बाई सुनेला म्हणाल्या. "एवढा दुःखातला माणूस, आणि त्याच्यावर ओरडतात. सापडू दे, चांगली खरडपट्टी काढते."

सून शांत स्वभावाची. तिनं वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीला विचारलं होतं. "आई, ते म्हणतात, पासवर्ड नसला तर संस्थेच्या नंबरावर फोन करून कोड सांगू. तो नंबर लागतो का बघते." तिनं आपल्या मोबाइलवरून नंबर लावला.

मशीनवरच्या कापडाखाली बाईंचा मोबाइल वाजला.

"असेल कुणीतरी कर्ज देणारा," म्हणत बाईंनी चष्मा न लावताच कट केला. सुनेच्या कानातली रिंगही थांबली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा बाईंचाच वाजला. या वेळी त्यांनी चष्मा लावून पाहिलं. सुनेचं नाव होतं.

पूर्वी ज्याची पाळी असेल त्याच्या मोबाइलवर संस्थेचा फोन वळवून ठेवायचे. शेवटची पाळी बाईंची होती. पुढे ते वळवणं कुणी काढलंच नाही, आणि संस्थेची खोली ज्या दवाखान्यात होती तिथले डॉक्टर आपलाच समजून त्या फोनचं बिल भरत आले. म्हणजे इतके दिवस बाई ज्यांना कर्जवाले समजून कट करत होत्या, ते कर्जवाले नव्हतेच सगळे. कधी लहर आली तर उचलून झापायच्याही. "कामधंदा नाही का तुम्हाला? घरात दुसरं कुणी नाही का बोलायला?" शेजारणींना ही नक्कल करून दाखवायच्या, आणि काय हसायच्या सगळ्या.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई," सून हळूच म्हणाली, "आता कोड तुमच्याच फोनवर येईल. साइट काढून टाकू. कुणाला कळायचं पण नाही."

कोड आला. बाईंनी आकडे सांगितले, सुनेनं बटण दाबलं, आणि पाच जणांचा फोटो गेला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट चोरी करून हात पुसल्यासारखं वाटलं. बाईंनी पायात चपला सरकवल्या.

दुकानदार त्यांना बघून हसला. "काय बाई, सापडलं का ते फोन कट करणारं माणूस?"

त्याच्या मागे स्टुलावर बसून एक जण खोक्यातल्या बाटल्या काढून मांडत होता. दाढी वाढलेली, मान खाली. मेव्हणाच असणार. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं बाईंच्या डोक्यातून पळाली. नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"सापडलं," बाई म्हणाल्या. "मीच ती."

बाटल्या मांडणारा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. आवाज त्यानं ओळखला होता.

"तुम्ही विचारलं होतं," तो सावकाश म्हणाला, "घरात दुसरं कुणी नाही का बोलायला."

बाईंना मान वर करवेना.

"नाही कुणी," तो म्हणाला.