साबणाच्या डबीतलं सर्किट

कपाट आवरताना साबणाच्या डबीत बसवलेलं जुनं सर्किट सापडलं. बाबांना ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा कॉलेजात शिकत असताना मी ते बनवलं होतं. छोटा माइक, हेडफोन आणि मधे बारीक आवाज मोठा करणारी ऑप-अँपची चिप. खरखर फार होती. तरी हेडफोन लावताच बाबांनी मान वळवली. शेजारी आई तांदूळ निवडत होती.

"तू अजून गुणगुणतेस?" त्यांनी विचारलं.

"मी थांबले कधी होते?" आई म्हणाली.

जवळच्या माणसाचा आवाज इतका हळूहळू विरतो, की तो हरवल्याचंही कळत नाही. बाबा माइक घेऊन तिच्याजवळ सरकले.

"म्हण ना."

आई इतकी लाजली, की तिला पुढची ओळच आठवेना.