भात शिजेपर्यंत

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी मला सावरलं ते आमच्या घरमालकीण काकींनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की माझा अर्धा जीव घेतला तो याच बाईनं. तेही खरंच आहे. काकींनी धसईच्या बाजारात उभं राहून भेंडीचा भाव विचारला, तर मुरबाडच्या एसटी स्टँडवरचा माणूस दचकून मागं वळून बघेल. मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली, ब्लाउज शिवून चार घास मिळवणारी बाई. मोजून-मापून लिहिणं मला जमत नाही, पण छातीवर हात ठेवून सांगते, देवानं एवढा आवाज दुसऱ्या कुठल्या गळ्यात घातलेला नाही. कोंबड्यांना हाक मारली की शेजारची पोरं उठून बसतात. आणि ही बाई दर गुरुवारी सांजेला माणसं गोळा करून गप्प बसायला लावते! पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बसलेला धक्का अजून माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही.

पहिल्यांदा म्हणजे आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आलो त्याच आठवड्यात. नवरा कारखान्यात पाळीवर गेलेला. मी पाणी मागायला म्हणून पुढं आले, तर काकींच्या पडवीत बायका-पुरुष भिंतीला टेकून ओळीनं बसलेले, माना खाली, मधे चुलीवर मोठा टोप. कुणी बोलेना, कुणी हलेना. मला वाटलं, कुणीतरी गेलं. परक्या गावात कसं वागावं ते कळेना, म्हणून पदर डोक्यावर घेऊन मीही कडेला बसले आणि रीतीप्रमाणं रडायला लागले. शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "कोण गेलं?" तिनं ओठ घट्ट आवळले. मला वाटलं, तिचंच माणूस असेल, आणि मी आणखी मोठ्यानं रडले. भात शिजला, काकींनी टोप खाली उतरवला, आणि छपराची कौलं हलतील अशा हसल्या. "कोनी नाय मेला गो! आमी नाव घेत बसलोय मनात. तू पन कसली गुनाची, ओळख ना पाळख, रडली बघ पोटातून!"

ही गप्प बसण्याची रीत काकींनी कुठून आणली तेही ऐकण्यासारखं आहे. आधी तिथं दर गुरुवारी भजन व्हायचं. मग पहिला अभंग कुणी म्हणायचा यावरून पेटीवाले भाऊ आणि माजी सरपंच यांची अशी जुंपली की टाळ देवापुढं कमी आणि एकमेकांच्या डोक्यावर जास्त वाजायची वेळ आली. काकी मधे उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "आजपासून गायचाच नाय! गप बसा नि मनातल्या मनात नाव घ्या. तितं कोनाचा नंबर पयला ते देव बघून घेल." किती वेळ बसायचं? भात शिजेपर्यंत. ज्यानं त्यानं घरून मूठमूठ तांदूळ आणायचा, सगळा एका टोपात घालायचा, फोन काढून तांदूळ धुवायच्या बांबूच्या रोवळीत ठेवायचे आणि बसायचं. टोप चुलीवरून उतरेपर्यंत शब्द नाही, खूण नाही. टोप उतरवायचा तो काकींनीच. पेटीवाले भाऊ लवकर सुटका व्हावी म्हणून नवा तांदूळ आणायचे, तो लवकर शिजतो म्हणून. काकींनी दाणा हातावर घेतला, त्यांच्याकडं बघितलं, आणि पुढच्या गुरुवारी मुद्दाम ओली लाकडं चुलीत सारली. त्या दिवशी सरपंचांच्या पायाला अशा मुंग्या आल्या की उठताना ते भाऊंच्याच गळ्यात पडले, आणि तंटा तिथं मिटला. एकदा तर आढ्यावरून धामण खाली आली. ओळीतलं कुणी जागचं हललं नाही. काकींनी नुसती मान वळवून दाराकडं बघितलं, आणि ती धामण जणू सांगितल्यासारखी सरळ बाहेर! भात उतरल्यावर काकी म्हणाल्या, "बघितलास? तुमच्यापरीस तीच गप."

त्या रोवळीत सगळ्यात वर, तोंड वर करून, काकींचा फोन असायचा. त्यांचा मुलगा बापाशी भांडून गुजरातकडं कामाला गेला. नंतर बाप वारला, तरी तो आला नाही, फोनही नाही. काकी त्याच्याबद्दल बोलत नाहीत. त्या जिच्याबद्दल बोलत नाहीत अशी जगात तेवढी एकच गोष्ट.

आईचं ऑपरेशन तिकडं परभणीला नेमकं गुरुवारी ठरलं. मला सातवा महिना, डॉक्टरीणबाईंनी रात्रभराचा प्रवास साफ मना केलेला. माझा धाकटा भाऊ एकटाच तिच्यापाशी दवाखान्यात, "बाहेर आणलं की फोन करतो" म्हणाला होता. दुपार सरली, फोन नाही. शिवायला घेतलेल्या ब्लाउजची बाही मी गळ्याला जोडली, उसवली, परत गळ्यालाच जोडली. सांजेला काकी दारात आल्या.

"चल गो, बसायला."

"काकी, आज नको. माझ्या जिवाला थारा नाही."

"मंग एकली बसून थारा येनार हाय? काळजीच करायची तर आमच्यात बसून कर. फोन दे मला. वाजला तर मी बघीन."

बसले. नाव कुणाचं घेते, मनात नुसती आईची हाक. पण एक सांगते, ते सगळे गप्प होते आणि मला कळत होतं की आज सगळ्यांचं गप्प बसणं एकाच बाजूला कललेलं आहे. पेटीवाले भाऊ कधी डोळे मिटत नसत, त्यांनीही मिटले होते.

पाण्याला नुकती उकळी फुटली आणि फोन वाजला.

काकींनी उचलला, कानाला लावला. बोलल्या नाहीत. पलीकडून भावाचं "हॅलो, हॅलो" माझ्यापर्यंत येत होतं. मग तो काहीतरी बोलला आणि काकींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझ्याकडं बघेनात. फोन रोवळीत ठेवला आणि उठल्या. मी मेले. पोटातलं बाळसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. गेली, माझी आई गेली.

काकी चुलीपाशी गेल्या, नुसत्या पदरानं तो उकळता टोप धरला आणि खाली ठेवला. भात कच्चा! धामणीला न हललेली ती ओळ अख्खी ताडकन उभी राहिली. आणि काकी ओरडल्या. मुरबाडच काय, मला वाटतं परभणीला ऐकू गेलं असेल. "तुझी आय शुद्धीवर आली गो! पानी मागतेय! बरी हाय!"

मग मला जे रडू फुटलं ते रीतीचं नव्हतं. बायकांनी मला धरलं. भावाला परत फोन लावला तर तो घाबरून विचारतोय, "ताई, मघाशी कोण होतं? मी सांगतोय आणि कुणीतरी नुसतं मुसमुसतंय!" काकींचा तळवा भाजून लाल झालेला. मी म्हटलं, "काकी, नुसती मान हलवली असती तरी कळलं असतं मला." तर माझ्यावरच डाफरल्या, "खून करायची नाय म्हंजे नाय. टोप उतरला का मंग बोलायचा." तो भात आम्ही सगळ्यांनी मीठ घालून खाल्ला. सरपंच म्हणाले, "काकी, दातात कचकचतोय." काकी म्हणाल्या, "मंग देवानं दात कशाला दिलेत?"

आता माझी मुलगी त्याच पडवीत रांगते. तिला गप्प बसणं माहीत नाही, आणि तिच्या बडबडीला काकी नियम लावत नाहीत. आई बरी आहे, नातीला बघून गेली. मी अजून दर गुरुवारी बसते, पण हल्ली जागा बदलली आहे. चुलीच्या अगदी जवळ, जिथून रोवळी दिसते. काकी डोळे मिटून बसतात, मी त्यांच्या फोनकडं बघत बसते. अजून तो एकदाही वाजलेला नाही. पण कधीतरी वाजेल, गुजरातकडून वाजेल. त्या दिवशी टोप उतरवायचा हक्क काकींचा असला तरी मी त्यांना विचारणार नाही. भात कितीही कच्चा असो, हात कितीही भाजो, टोप मी उतरवीन. म्हणजे मुलाचा आवाज आला की त्यांना बोलता येईल.