काणी न येणारा ऊस

आमच्या उसाला काणी येत नाही, असं मी पंधरा-वीस वर्षं लोकांना सांगत आले. काणी हा बुरशीचा रोग; तो लागला की उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा फोक निघतो. त्याची काजळीसारखी भुकटी वाऱ्यावर उडते आणि ते बेट गवतासारखं बारीक होऊन जातं. आमच्या जुन्या वाणाला ती फार यायची, म्हणून ते मोडून आम्ही हे आणलं आणि मागेल त्याला लावणीच्या कांड्यांचं बेणं दिलं. बेण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मलकापूरपासून खाली नदीकडेनं आता जिकडे बघाल तिकडे तोच ऊस आहे.

माझी लेक दुष्काळी माण तालुक्यात दिली आहे. तिच्या घरी आजवर बाजरी, मटकी आणि मेंढरं. मागच्या वर्षी कालव्याचं पाणी शेतापर्यंत पोचलं आणि तिनं ऊस लावायचं ठरवलं. नवरा मुंबईला असतो. सासू म्हणाली, उसातलं आपल्याला काय कळतंय. ही म्हणाली, माझ्या आईचं बेणं आहे, त्याला काही होत नाही. एवढ्यावर सासू राजी झाली. सऱ्या पाडून तयार होत्या.

बेणं तोडायच्या आदल्या दिवशी मी बांधाला वैरण कापत होते. आत चौथ्या सरीत काळं काहीतरी दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर काणीच. पुढे आणखी दोन बेटं तशीच.

माझ्या मुलानं शेतीचा डिप्लोमा केला आहे. तो म्हणाला, या वाणात काणी शिरतच नाही, हे काहीतरी दुसरं असेल. तीन बेटं काढून टाकू आणि बाकीचं पाठवू. मी म्हटलं, "शिरत न्हाई तर ह्यो फोक काय तुझ्या डिप्लोम्यातनं निघाला?"

गावची कृषी सहायक मुलगी आली. तिनं फोक पाहिला आणि सांगितलं, वाण तेच आहे, काणी बदलली. एका फोकातल्या भुकटीत मोजता येणार नाहीत इतके कण असतात. त्यातला एखादा जरा निराळा निघतो आणि त्याला या उसात शिरता येतं. बाकीचे मरतात, हा वाढतो. शिवारभर हाच ऊस असल्यावर त्याला अडवणार कोण?

मुलगा तरी वाद घालत होता. मला ते भांगलणीमुळे कळलं. भांगलताना आम्ही बायका वेगळं दिसेल ते तण उपटतो. पिकासारखं दिसणारं तेवढं हातातून सुटतं आणि बी धरतं. पुढच्या वर्षी रानात तेच जास्त उगवतं. तण शहाणं नसतं, आपणच ते निवडून ठेवतो. तीन बेटांत दिसली म्हणजे न दिसणारी किती असेल, हे कोणी सांगू शकत नव्हतं. बेण्याबरोबर ती माणात गेली असती.

लेकीला फोन मीच केला. काणी निघाली आहे, बेणं देणार नाही, म्हणून सांगितलं.

"दुनियेला दिलंस आये, आन माझ्याच येळेला नासलं?"

"व्हय. दुनियेला दिलं म्हनूनच नासलं."

तिनं फोन ठेवला.

आमचा ऊस कारखान्याला गेला. बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा न ठेवता मी रान नांगरायला लावलं. लेकीला दुसऱ्या वाणाची रोपं मिळेपर्यंत ऊन तापलं होतं. त्यात काही रोपं वाळली. आईचं बेणं कुठं राहिलं, म्हणून सासू रोज विचारायची, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. लेक माझ्याशी बोलत नव्हती.

पावसाळा संपल्यावर मी न बोलावता गेले. डोक्यावर जायला हवा होता तो ऊस छातीएवढाच होता. मी एकेक सरी बघत निघाले, ती मागून येत होती. काणी कुठं नव्हती. अर्धं रान झाल्यावर ती म्हणाली की वस्तीवरल्या तिघांनी आत्ताच बेणं सांगून ठेवलंय.

"तू काय म्हनलीस?"

"न्हाई कसं म्हनू?"

"दे. पर समद्यांनी ह्योच ऊस लावू नगा म्हनावं. एकदोघांनी दुसरा लावा."

"ऐकत्यात व्हय?"

"आमी तरी कुठं ऐकलं असतं," मी म्हटलं.

ती पदर खोचून पुढच्या सरीत शिरली आणि शेंडे बघू लागली. मी तिच्या शेजारची सरी धरली.