कांबळे सिस्टर आणि न उघडणारे आवाज

"आवाज उघडंना," एवढंच बोलून कांबळे सिस्टर फोन ठेवून द्यायच्या. कुठला आवाज, पडद्यावर काय दिसतंय, यातलं काही विचारायची सोय नसे. मी दात घासत असो की जेवत असो, उठून स्टुडिओत जावं लागे.

आटपाडीतलं आमचं रेडिओ केंद्र अगदी छोटं, आसपासच्या गावांपुरतं ऐकू येणारं. एक स्टुडिओ, एक कॉम्प्युटर आणि एक तंत्रज्ञ, म्हणजे मी, मूळचा सांगलीचा. सिस्टर आरोग्य खात्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. दर गुरुवारी चार वाजता त्या बायकांच्या तब्येतीचा कार्यक्रम करायच्या. बायका मोबाइलवरून व्हॉइस मेसेज पाठवून प्रश्न विचारत. सिस्टर आधी प्रश्न त्या बाईच्याच आवाजात लावत आणि मग उत्तर देत. आपल्या घरातला आवाज रेडिओवर लागणार म्हणून माणसं हातातली कामं टाकून बसत.

भांडण दोन क्लिकचं होतं. आवाजाच्या फाईलवर दोनदा क्लिक केलं की ती काटछाट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, अशी माझी सोय होती, कारण मी दिवसभर तेच करायचो. सिस्टरांना ती नुसती वाजायला हवी होती. समोर रंगीत लाटा पसरल्या की त्या वैतागायच्या. "मी दार वाजवलं तर घरातला मानूस भाईर आला पायजे. तू गवंडी पाठवतूस," असं म्हणायच्या.

शेवटी मी माघार घेतली आणि फाईल साध्या प्लेअरमध्ये उघडेल असं करून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. व्हॉइस मेसेजची फाईल निराळ्या प्रकारची असते, जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेली आणखी निराळी, आणि प्रत्येक प्रकाराला तू अमुक प्लेअरमध्ये उघड म्हणून वेगळं सांगावं लागतं. हे मी त्यांना समजावलं.

"म्हंजे एका घरात थोरल्याला आवतान दिलं, तर धाकट्याला येगळं द्यावं लागतंय?"

"हो."

"लय मानपानाचं मशीन हाय," त्या म्हणाल्या आणि मशीनकडे पाठ करून बसल्या.

मी सगळ्या प्रकारांना आवतण देऊन टाकलं. तरी फाईली बिघडायच्याच, कारण सिस्टर स्वतः दुरुस्त्या करायच्या. ही फाईल कशात उघडू, असं कॉम्प्युटरने विचारलं की यादीतलं पहिलं नाव निवडायचं आणि खाली 'नेहमी यातच उघडा' यावर खूण करायची, हा त्यांचा नेम. पहिलं नाव मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमचं. मग बाईच्या आवाजाऐवजी पडदाभर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. एकदा त्यांनी पाच-सहा फाईलींच्या नावांमागची, फाईलचा प्रकार सांगणारी शेपटंच बदलून टाकली. मी डोक्याला हात लावला तर म्हणाल्या, "पोरीचं नाव बदलून सासरी पाठवत्यात. नांदती का न्हाई?" त्या फाईली नांदल्या नाहीत. मी त्यांना कॉम्प्युटरवर वेगळं खातं काढून दिलं, म्हणजे त्यांचा पसारा त्यांच्याकडे राहील. पासवर्ड विसरून त्या माझ्याच खात्यात परतल्या. "एवढ्याशा खोलीत दोन चुली कशाला?" हे वर.

एक गोष्ट मात्र त्या कधी मोडत नसत. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकल्याशिवाय कुठलाच निरोप हवेत जाऊ द्यायच्या नाहीत. कुणी प्रश्न विचारून मिनिटभर नुसती खोकली असेल, तर सिस्टर मिनिटभर खोकला ऐकायच्या. माझं काम अडून राहायचं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी एका गुरुवारी सांगलीला गेलो होतो. आईला आत घेतलं आणि सिस्टरांचा फोन आला.

"आवाज उघडंना. चौकोन आल्यात."

"सिस्टर, फाईलवर जाऊन उजवं बटण दाबा."

"पेशंटचं उजवं का माझं उजवं?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून मी त्यांना मेनूतून वाट दाखवत होतो आणि त्या दर वळणावर चुकत होत्या. चार वाजत आले होते. शेवटी मी म्हटलं, "राहू दे. प्रक्षेपणाच्या खिडकीत फाईल ओढून टाका. तिथं ती बरोबर वाजते."

"तिथं वाजली म्हंजे गावातच वाजली. मी कवा ऐकायची?"

"एक दिवस नका ऐकू. गुडघेदुखीचा प्रश्न आहे, असं तिनं मेसेजखाली लिहिलंय ना?"

"लिव्हल्यालं येगळं आन् बोलल्यालं येगळं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी प्रश्न लागलाच नाही. अर्धा तास सिस्टर एकट्याच उन्हाळ्यातल्या पाण्यावर बोलत राहिल्या. आम्ही मात्र मेसेजखालचं वाचून त्या प्रश्नाची जाहिरात आठवडाभर केली होती. आमचे व्यवस्थापक मोरे सर. त्यांचा मला फोन आला तेव्हा आईची पट्टीही व्हायची होती. "सिस्टरांचं आता वय झालं. एक फाईल लावता येत नाही म्हणजे काय?" मला त्यांचं म्हणणं पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो आणि दोन मिनिटांत फाईल वाजती केली. शेजारच्या खुर्चीवर सिस्टर. एका तरुण बाईचा आवाज आला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, काय करावं. प्रश्न संपला, पण रेकॉर्डिंग संपलं नाही. ते चालूच आहे हे तिला कळलं नव्हतं. भांडी ठेवल्याचा आवाज झाला आणि ती जवळच्या कुणाला तरी हळू आवाजात सांगायला लागली, "दुसरं पोर येवढ्यात नगं म्हनून मी तांबी बसवून आले गं. ह्यास्नी न्हाई, सासूला न्हाई, कुणालाच ठावं न्हाई. कळलं तर घरात ठेवायच्या न्हाईत मला."

सिस्टरांनी स्पीकरवर तळहात दाबून धरला, जणू तसं केल्याने तो बंद होणार होता. मी तो बंद केला.

"पूस ती," त्या म्हणाल्या.

"थांबा. आधी मोरे सरांना ऐकवू. तुम्ही का लावली नाही ते त्यांना कळू दे."

"त्येंला काय सांगनार? कुनाची तांबी ते?"

"नाव नाही सांगायचं. पण तुमच्यावर बोल येतोय."

"येऊ दे की. मी काय नवी सून हाय?" मग पडद्याकडे बोट करून, "पूस म्हनलं न्हवं रं."

मी पुसली. त्यांनी आपल्या फोनवरून त्या बाईला फोन लावला, सासूच्या गुडघ्यांना कसा शेक द्यायचा ते सावकाश सांगितलं, एवढंच सांगितलं, आणि मोरे सरांच्या खोलीत गेल्या. बाहेर ऐकू येत होतं. सर बोलत होते आणि सिस्टर प्रत्येक वाक्याला "व्हय सर, जमंना मला" म्हणत होत्या. दुसऱ्या कुणी असं निमूट ऐकून घेतलं असतं तर मला कौतुक वाटलं असतं. मला नुसता संताप आला. मी तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "तू लय बोलतूस. चहा सांग."

कार्यक्रम त्यांच्याकडून गेला. त्या वेळेत एका डॉक्टरांची भाषणं लागू लागली, आधीच रेकॉर्ड केलेली, नीट नाव दिलेली, दोन क्लिकमध्ये वाजणारी. सिस्टर उन्हाळा सरेपर्यंत येत राहिल्या, मग पाटणला लेकीकडे राहायला गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या.

दिवाळीनंतर एक तरुण बाई केंद्राच्या दारात आली. कडेवर पोर होतं.

"कांबळे सिस्टर हायत का?"

आवाज ऐकला आणि मी ओळखलं. त्या पाटणला गेल्याचं सांगितलं. ती हिरमुसली, पण गेली नाही.

"त्येंनी माझा प्रश्न लावलाच न्हाई, दादा. फोन करून सांगितलं, ते बरं झालं, गुडघं हलकं झालं. पर रेडिओवर का न्हाई लावला? आमचं सगळं घर बसलं हुतं. सासूबाई तर पुढ्यातच बसल्या हुत्या. मी खोटंच बोलले, असं म्हनत्यात अजून."

ती उत्तराची वाट बघत होती.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "मी सांगलीला गेलो होतो. मशीन नीट लावून ठेवलं नव्हतं."

"आसं व्हय," ती म्हणाली. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत माझ्याकडे जरा रागानंच बघितलं. "नीट काम करत जावा की, दादा. मानसं वाट बघत्यात."

"हो," मी म्हटलं.