मावशीच्या पैठणीचं लाईव्ह

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात देव्हारा सासूबाईंचा आणि राउटर माझा, अशी वाटणी आहे. नाशिकला सिडकोत राहते. कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि लग्नं, क्लास, दुकानांचे सेल लाईव्ह दाखवायची सगळी मांडणी लावून देते. व्हिडिओ अटकतोय म्हणून रोज कुणाचा ना कुणाचा फोन असतो. आजवर प्रत्येक वेळी कारण सापडलंय... वायर ढिली, मशीन तापलेलं, नाहीतर कुणीतरी शेजारी बसून त्याच नेटवर सिनेमा डाउनलोड करतोय. कारण सापडलं नाही असं एकदाच झालं. तेच सांगायला बसलेय.

माझी सुमनमावशी येवल्याची. घरात हातमाग, जन्मभर पैठण्या विणल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या. काम मिळायचं ते नाशिकच्या एका शेठकडून. त्याचं नाव घेत नाही, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान आहे एवढंच सांगते. मावशीने एकच साडी स्वतःसाठी म्हणून विणली, तीही स्वतःसाठी नाहीच, माझ्या मावसबहिणीला, प्रणालीला, तिच्या लग्नात नेसायला. शेठचं काम उरकून उरलेल्या वेळात. वांगी रंग, पदरावर मोर. विणून झाली आणि हा शेठ घरी आला. मावशीचा मागावर बसलेला व्हिडिओ काढला आणि जाताना ती साडीही घेऊन गेला. आमच्या लाईव्हमध्ये दाखवतो आणि लगेच पाठवून देतो, म्हणाला.

मी तेव्हा फोनवर मावशीला म्हटलं, दिलीस कशाला? तर म्हणाली, "अगं, एवढ्या वर्षांचं काम हाय त्याच्याकडचं. नाय कसं म्हणू?"

साडी परत आली नाही. मावशी सारखी विचारत राहिली, तो उद्या-परवा करत राहिला आणि पावसाळ्यात मावशी गेली. साधा ताप होता, अंगावर काढला. प्रणाली दुकानात साडी मागायला गेली तर शेठने ती बाहेरही काढली नाही, म्हणाला, "ती साडी तुझ्या आईने मला विकली होती." कागद ना पुरावा. आणि पोरीचं लग्न दोन महिन्यांवर. रडत माझ्याकडे आली तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं की काय सांगू. साडीपेक्षा मला त्या वाक्याचा राग होता. मेलेली बाई 'हे खोटं आहे' म्हणायला येणार नाही ना, मग काहीही बोला.

अशात एक दिवस त्याच शेठचा मला फोन. माझा नंबर कुणीतरी दिला होता. मी कोणाची कोण हे त्याला माहीत नव्हतं.

"मॅडम, आमचं दर शनिवारी दुपारी लाईव्ह असतं, पैठण्यांचं. एवढ्यात फार अटकतंय. बायका वैतागून निघून जातात. बघता का?"

बघते म्हटलं. साडी कुठे ठेवलीय ते आधी बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी गेले. दुकानात छान सेट लावलेला. दोन मोठे दिवे, कॅमेरा, कॉम्प्युटर. मागे टीव्हीवर मावशी... मागावर बसलेली, मान खाली घालून विणतेय, तोच व्हिडिओ सारखा फिरून फिरून. त्याखाली मोठ्या अक्षरात 'सुमनताईंच्या हातची अस्सल पैठणी'. आणि टीव्हीच्या शेजारी स्टँडवर ती वांगी साडी. माझे कान गरम झाले. पण बॅग उघडली आणि कामाला लागले.

लाईव्ह करायची ती शेठची सून, मोनाली. बोलायला गोड, हात भराभर चालायचे. "नमस्कार ताई, कशा आहात सगळ्या? आज नवीन माल आलाय हं..." मी माझ्या मोबाइलवर बघत बसले, गिऱ्हाईक बघतं तसं. खरंच अटकत होतं. आवाज व्यवस्थित पुढे चाललाय आणि चित्र मात्र थांबतंय, सुटतंय, परत थांबतंय.

नेटचा स्पीड तपासला, भरपूर. वायफाय काढून सरळ वायर जोडली. व्हिडिओची क्वालिटी एक पायरी खाली आणली. मागे उघडी पडलेली सगळी पानं बंद केली, अँटिव्हायरस थांबवला, कॉम्प्युटर उघडून पंख्यातली धूळ काढली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवीन टाकला. काही फरक नाही. मग त्यांचा कॉम्प्युटर बाजूला ठेवून माझा लॅपटॉप लावला, माझ्या फोनचं नेट दिलं, कॅमेराही माझा. तरी तेच. आणि सॉफ्टवेअर सांगतंय की एकही फ्रेम गळलेली नाही, सगळं नीट जातंय. कॉम्प्युटरवर होणारं रेकॉर्डिंग चालवून बघितलं तर पाण्यासारखं वाहतं. अटकतंय ते फक्त बघणाऱ्यांकडे.

आता मला एक गोष्ट खटकली. नेट खराब असलं की व्हिडिओ कसाही अटकतो, त्याला ताळतंत्र नसतं. हे तसं नव्हतं. हे एका ठेक्यात अटकत होतं. मी नकळत बोटाने टेबलावर तो ठेका धरला आणि माझा हातच थांबला. लहानपणी मे महिन्यात येवल्याला जायचो तेव्हा दुपारी मावशीच्या मागाच्या याच आवाजात झोप लागायची. धोटा इकडून तिकडे, मग फणीचा ठोका. धोटा, ठोका.

डोक्याचा भुगा झालाय, असं स्वतःला सांगितलं आणि पुन्हा मोबाइलकडे बघितलं. तेव्हा दिसलं की चित्र सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबतंय.

पैठणीचं एक सांगते. हातमागाची खरी पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते, पदरावरचा मोर मागूनही तसाच. मशीनवरच्या साडीला मागे सुट्या धाग्यांचा गुंता असतो, नाहीतर ते कापल्याच्या खुणा. मोनाली साडी खांद्यावर टाकताना पदर अगदी पापणी लवते तेवढाच उलटा व्हायचा. चित्र बरोबर तिथेच थांबत होतं. दर साडीला. आवाज मात्र पुढे चालूच, "बघा ताई, दोन्ही बाजूंनी सारखी, अस्सल हातमाग..." आणि समोर स्थिर, स्पष्ट, धाग्यांचा गुंता.

मी शेठला काय सांगितलं? "बघावं लागेल. पुढच्या शनिवारी परत येते." तुम्ही म्हणाल, बाईनेच काहीतरी केलं असेल. करायची इच्छा होती, पण बघणाऱ्या प्रत्येकीच्या मोबाइलवर नेमक्या त्याच जागी चित्र थांबवायचं कसं, हे मला आजही येत नाही. येत असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं.

घरी येऊन प्रणालीला फोन केला. म्हटलं, साडी दुकानातच आहे. पुढच्या शनिवारी लाईव्ह लाव आणि बघत बस.

पुढचा शनिवार. या वेळीही लॅपटॉप आणि कॅमेरा माझाच लावला. लाईव्ह सुरू झालं, दुसऱ्याच साडीला अटकलं. या वेळी मात्र बायकांनी पकडलं. खाली कमेंटवर कमेंट... 'मागची बाजू परत दाखवा.' 'हे मशीनचं काम आहे.' 'मी मागच्या महिन्यात घेतली, तिलाही मागे धागे आहेत.' मोनालीचा चेहरा उतरला. शेठ माझ्यावर भडकला, "मॅडम, बंद करा ना ते अटकणं."

मी म्हटलं, "शेठ, माझ्याकडून सगळं करून झालंय. तुम्ही असं करा, ती स्टँडवरची दाखवा. तोंडं बंद होतील."

तो खूश झाला. स्वतः कॅमेऱ्यासमोर आला, वांगी साडी उतरवली, पदर पसरला. आणि मंडळी, चित्र एकदम सरळ झालं. एक ठोका नाही, एक झटका नाही. मोराच्या पिसातला धागा न् धागा मोजता येईल इतकं स्वच्छ. माझा कॅमेरा एवढा चांगला नाही. उलटी बाजू दाखवली, तीही तशीच. शेठ म्हणाला, "ही बघा. सुमनताईंना मी स्वतः समोर बसवून आपल्या दुकानासाठी विणून घेतलेली."

खाली प्रणालीची कमेंट आली. 'ती माझ्या आईने माझ्यासाठी विणली आहे. कमरेला खोचायच्या टोकापाशी एका बुट्टीच्या जागी मांजर आहे. उघडून दाखवा.'

आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मावशीच्या मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात तिच्या पायाशी एक मांजर झोपायचं, ठमी नावाचं, एक कान फाटलेलं. प्रणाली त्या मांजरासोबतच वाढली. शेठला हे माहीत असायचं कारणच नव्हतं. साडी त्याने मिरवायला आणलेली, पूर्ण उघडलीच नव्हती कधी.

बाकीच्या बायकांना तर आयतं सापडलं. 'मांजर दाखवा.' 'मांजर दाखवा शेठ.' सगळी कमेंटची पट्टी मांजराने भरली.

शेठ हसला. "पैठणीवर मांजर असतं का कधी? मोर असतो, पोपट असतो. मोनाली, उघड गं पूर्ण. बघू दे यांना."

मोनालीने घडी सोडली. साडी सरकत गेली आणि टोक वर आलं. बुट्ट्यांच्या ओळीत एक इवलंसं मांजर, अंग मुडपून झोपलेलं. एक कान फाटका.

चित्र तिथे थांबलं.

शेठने झटकन साडी गोळा केली. समोर साडी नाही आणि माझ्या मोबाइलवर मांजर तसंच. "बंद करा," तो ओरडला. मी लाईव्ह बंद केलं. मांजर गेलं नाही. लॅपटॉप बंद केला, त्याने स्वतः नेटची वायर उपटली, दुकानाचा मेन स्विच पाडला. दिवे गेले, मागच्या टीव्हीवरची मावशी गेली. माझ्या मोबाइलवर, मोनालीच्या मोबाइलवर, येवल्यात प्रणालीच्या मोबाइलवर मांजर. आणि आता त्यातून आवाज यायला लागला. धोटा, ठोका. धोटा, ठोका. खिडक्या झाकलेल्या त्या अंधाऱ्या दुकानात आम्ही तिघंच, आणि दोन मोबाइलमधून मागाचा आवाज.

मोनाली कोपऱ्यात जाऊन रडायला लागली. शेठच्या कपाळावर घाम. मलाही भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला हे लपवत नाही.

मी म्हटलं, "शेठ, मी सुमनमावशीची भाची."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलकडे. साडीची कशीबशी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा," म्हणाला. मी म्हटलं, असं नाही. तिने विकली नव्हती, हे म्हणा. ठोका जोरात यायला लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नव्हती विकली."

आवाज थांबला. मोबाइलवर साधी ओळ आली... लाईव्ह संपले आहे.

त्यानंतर बायकांनी साड्या परत आणायला सुरुवात केली, जिन्यात रांग लागत होती म्हणे. शेठने मावशीचं नाव आणि व्हिडिओ दोन्ही टीव्हीवरून हटवले. मध्यंतरी त्याचा फोन आला होता, लाईव्ह अजून अटकतंय म्हणून. मी म्हटलं, खऱ्या हातमागाच्या साड्या ठेवून बघा. फोन ठेवला त्याने. मला त्याची जराही दया येत नाही.

माझ्यासारखंच काम करणाऱ्या दोघातिघांना विचारलं. एक म्हणाला सर्व्हरला उशीर होत असेल, एक म्हणाला मोबाइलमध्ये जुनं चित्र साठून राहिलं असेल. सगळ्यांच्या? एकाच मांजरावर? वायर उपटल्यावर?

प्रणालीचं लग्न येवल्यालाच झालं. ती वांगी साडी नेसून बोहल्यावर उभी राहिली. दूरच्या नातेवाइकांसाठी लाईव्ह अर्थातच मी लावलं होतं. नवीन केबल, चांगलं नेट, सगळं दोनदा तपासलेलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, आणि चित्र थांबलं. प्रणालीच्या चेहऱ्यावर. तिने नुकतीच मान वर केली होती.

लगेच फोन वाजायला लागले. एका काकांनी तर कळवळून सांगितलं, "अगं अटकलंय, बघ काहीतरी."

माझा हात कीबोर्डकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

"राहू दे काका," म्हटलं. "मावशी बघतेय."