मन खाली करा हो!

आता काय सांगू तुम्हाला! लोक खोटं बोलून फसतात, चुकीचं बोलून फसतात. मी मात्र शुद्ध, स्वच्छ, व्याकरणाला धरून एकच वाक्य बोललो आणि जन्माचा फसलो. चहा घ्या आधी, नाहीतर ऐकता ऐकता निवून जाईल.

विदर्भ नुकता मुंबई राज्यात गेला होता आणि मी ग्रामसेवक म्हणून चिचगडला गेलो होतो. मी नागपूरचा. तिथे माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी मला पसंत, मी मुलीला पसंत. अडून बसला होता तिचा बाप! म्हणे, "जंगलात मुलगी देणार नाही. गोंदियाला बदली करून घ्या, लगेच अक्षता टाकतो."

आता बदली काय माझ्या खिशात होती? ती होती आमच्या साहेबांच्या हातात. आणि साहेब नुकतेच कुठलंसं भाषण ऐकून आले होते.

"नवा जमाना आला," ते मला म्हणाले. "मोटारी आल्या, रेडिओ आला, निवडणुका आल्या. माणसं आतल्या आत कुढायला लागली. त्यांना चारचौघांत बोलतं करा. मी स्वतः येतो. सभा रंगली, तर तुमचं गोंदियाचं बघू."

झालं! मला चिचगडच्या जंगलातही सनई ऐकू यायला लागली.

गावचा कोतवाल लटारू. त्याला मी नीट समजावलं, "उद्या दुपारी साहेब येतील. सगळ्यांनी चावडीवर येऊन मन मोकळं करावं." लटारूने मान डोलावली. 'मोकळं' हा शब्द त्याला फार मऊ वाटला असावा, कारण त्याने डफडं वाजवत गावभर दवंडी दिली ती अशी :

"सायेब येऊन राहिला हो! समद्यायनं चावडीवर येऊन आपापलं मन खाली कराव हो!"

मोकळं काय, खाली काय, एकच ना? मी म्हटलं, चालेल.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो त्या भागरताबाई थोड्या वेळाने दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

"काऊन जी, मन किती खाली करा लागते?"

"सगळं," मी म्हणालो. "आत काही म्हणजे काही ठेवायचं नाही."

"समदं? अन मंग वर्सभर आमी कायच्यावर जगाव?"

मला हे जरा खोल वाटलं. पण साहेबांची वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. "बाई, मन दाबून ठेवलं की ते आत कुजतं."

"नाई कुजत जी! कडुलिंबाचा पाला टाकला हाय."

तुम्ही हसताय. मी हसलो नाही. मला वाटलं, इकडे मनाच्या दुखण्यावर कडुलिंबाचा पाला घेत असतील! मी आणखी समजावलं, "चारचौघांत खाली केलं की बघा कसं हलकं वाटतं."

"हलकं तं वाटनच," बाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गाड्यांमागून गाड्या जंगलाकडे चाललेल्या. वर तणस, म्हणजे भाताचा पेंढा रचलेला, आणि बैल असे वाकलेले की तणशीखाली दगड भरलेत की काय! मी विचारलं, तर गाडीवाले माझ्याकडे न बघता बैलांनाच शिव्या द्यायला लागले. परत खोलीवर आलो, तर माझ्या खाटेखाली पोती! भागरताबाई म्हणाल्या, "राहू द्या जी. सरकारी मानसाची खोली कोन तपासते?"

एखाद्या शहाण्याला इथे तरी शंका आली असती. मी मात्र बदलीच्या विचारात होतो.

दुपारी साहेब आले. चावडी गच्च भरलेली, पण मयताला बसावं तसे सगळे खाली माना घालून. साहेब गोड आवाजात म्हणाले, "संकोच करू नका. पटेल, तुम्ही मोठे. तुमच्या मनात काय आहे?"

गावचे पटेल हात जोडून उठले. "मनात? औंदा आपल्यापासी मनच नाई जी."

"असं कसं? मन प्रत्येकाला असतं!"

"असन जी तुमाले. आपल्याले दोन मन व्हते, ते पोरीच्या सासरी धाडले."

मागून कुणी ओरडलं, "माह्या अर्धा मन तं उंदरायनंच खाल्ला!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! अहो, इकडे 'ण'ला कुणी विचारतच नाही. पाणी ते पानी, कोण तो कोन, आणि धान मोजायचा मण, तो मन! सरकारने लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं धान घरात शिरून उचलून नेलेलं हे लोक अजून विसरले नव्हते. त्यात मी मन खाली करायची दवंडी पिटवलेली!

"अहो, मण नव्हे, मन!" मी ओरडलो.

"तेच तं मन जी," पटेल शांतपणे म्हणाले.

"मण नाही! मन! हे, इथलं!" मी छाती बडवली. तिथे खिसा होता. सगळे खिशाकडे बघायला लागले.

मग मात्र माझा तोल गेला. "मन म्हणजे हे! इथे माझ्याशी बोलायला कुणी नाही. तुम्ही मला बघून वाट बदलता. तापाने फणफणलो, कुणी विचारलं नाही. सणाला एकटा भात शिजवतो आणि एकटाच गिळतो!" बदलीचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात मला रडू फुटलं. भर चावडीत, साहेबांसमोर!

मग भागरताबाई उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असं व्हय! मंग हे तं आमच्यापासी बी हाय. लय भरून हाय." आणि सुरू झाल्या. पोरगा ट्रकावर किलीनर म्हणून गेला तो परतलाच नाही. पटेल म्हणाले, मतदानापासून सख्खा भाऊ बोलत नाही. आणि तो भाऊ समोरच बसलेला, तोही रडायला लागला. एक म्हातारा म्हणाला, पंचायतीचा रेडिओ दिवसभर बोलते, पण आपलं कायले ऐकन तो? सांगतो तुम्हाला, दिवस कलला तरी कुणी उठेना. साहेब तर धन्य धन्य झाले.

म्हटलं, जिंकलो! आता गोंदिया!

तोच पटेल उठले. "सायेब, एकच मागनं हाय. या पोराले इथून हलवू नोका. याले आपलं मानूस नाई. आजपासून आमीच याचे. अन याच्यावानी मन मोकरं करून रडनारा दुसरा मानूस आमाले कोठं भेटन?"

"हलवू नोका!" सगळी चावडी ओरडली.

साहेब माझ्याकडे वळले. "आता तुम्हीच सांगा. अगदी मन मोकळं करून सांगा. कुठे राहायचंय तुम्हाला?"

सगळं गाव ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. बाईंचा हात अजून माझ्या डोक्यावर होता.

मी म्हणालो, "इथेच, साहेब. आनंदाने."