चिमटाबाई आणि थंडगार साहेब

कॉम्प्युटर-मोबाइलच्या बातम्या लिहिणाऱ्या त्या बाईंना 'चिमटाबाई' हे नाव चिपच्या कारखान्याच्या प्रमुखांनी ठेवलं होतं. पत्रकार परिषदेत त्या असा काही प्रश्न विचारायच्या, की व्यासपीठावरच्या साहेबांना पाण्याचा ग्लास शोधावा लागे. बाईही काही कमी नव्हत्या. दर नव्या चिपबद्दल प्रमुख छातीठोकपणे सांगत, "ही अजिबात तापत नाही." म्हणून बाईंनी त्यांना 'थंडगार साहेब' करून टाकलं.

दरवर्षी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पत्रकार विरुद्ध साहेबलोक असा टेबल टेनिसचा सामना व्हायचा. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना चहा द्यायचा. पत्रकारांच्या हातात बहुतेकदा ट्रेच असायचा.

त्या वर्षी सामना तोंडावर आला असताना बाईंनी या कारखान्याची बाजारात आलेली नवी चिप तपासायला घेतली. जेवणाच्या टेबलावर ती चिप बसवलेला कॉम्प्युटर मांडला आणि त्याला भरपूर कामाला जुंपलं. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. हात लावून पाहिलं तर चटका बसला. त्यांनी तसाच दुसरा कॉम्प्युटर मागवला, मग ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडेही तपासून घेतलं. सगळीकडे तेच. शेवटी त्यांनी प्रमुखांना फोन लावला.

"थंडगार साहेब, तुमची चिप भाजतेय."

पलीकडून नेहमीसारखा टोला येईल, असं त्यांना वाटलं होतं. पण प्रमुखांनी एवढंच विचारलं, "नीट तपासलंत?"

"तीनदा."

"मग छापा. माझ्यासाठी थांबू नका."

बातमी छापून आली. कारखान्याला विकलेला माल परत मागवावा लागला. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचंच होतं, ते प्रमुखांच्या डोक्यावर फुटलं. त्यांनी राजीनामा दिला. सामन्याचं नावही कुणी काढलं नाही. इकडे वर्तमानपत्राच्या कचेरीत बाईंची पाठ थोपटली जात होती. त्या हसून मान डोलवायच्या, पण घरी गेल्यावर त्यांना घास गोड लागत नव्हता.

एका रविवारी मनाचा हिय्या करून त्या प्रमुखांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या बायकोनं उघडलं.

"आता आणखी काय छापायचं राहिलंय?"

"काही नाही, वहिनी. भेटायला आलेय."

वहिनी दारातून हलल्या नाहीत. आतून प्रमुखांचा आवाज आला, "येऊ दे त्यांना."

बाहेरच्या खोलीत कारखान्यातून आणलेली खोकी अजून बांधलेलीच होती. बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. त्यांनी विचारलं, "राग आहे माझ्यावर?"

"होता. अजून थोडा आहे," प्रमुख म्हणाले. "बातमी खोटी असती तर बरं झालं असतं. तुम्हाला शिव्या घालून मोकळा झालो असतो."

मग प्रमुखांनीच विचारलं, "पुन्हा असं सापडलं तर काय कराल?"

"छापेन."

"हं. छापायलाच हवं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रमुख आता एका कॉलेजात शिकवतात. बाईंच्या लेखात चूक दिसली की सकाळीच फोन करतात, आणि दोघांची चांगली जुंपते. बाई कधी उलट फोन लावतात, तो कधीकधी वहिनी उचलतात. "देते," एवढंच म्हणून त्या फोन नवऱ्याच्या हातात देतात.